माकड, शेंगदाणे आणि मावशीची वही

२०१६ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्यामुळे मला सगळं येत होतं. त्या दिवाळीत सांगलीला मावशीकडे गेलो. मावशी चकल्या तळत होती आणि मी ओट्याला टेकून, गरम चकली फुंकत, तिला मेंदूविज्ञान शिकवत होतो. कॉलेजात नुकताच याच विषयावर सेमिनार दिला होता. तयारी म्हणजे एक व्हिडिओ, दोन वेळा पाहिलेला. वर्गात टाळ्या पडल्या होत्या.

मावसभाऊ तेव्हा दहा वर्षांचा. तो ऑटिस्टिक आहे. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून नेहमीसारखा झाकणं फिरवत होता. मी मावशीला म्हणालो, "आपल्या मेंदूत आरशासारख्या पेशी असतात. दुसऱ्याला लागलं की आपल्याला कळ येते, ती त्यांच्यामुळे. ऑटिझममध्ये हा आरसाच फुटलेला असतो. म्हणून त्याला आपलं दुःख कळत नाही, त्याचा काही दोष नाही त्यात." मला वाटलं, मी तिला धीर देतोय.

मावशीने गॅस बारीक केला. हात पुसले, फ्रिजवरची वही काढली. त्या वहीत भावाच्या थेरपीच्या तारखा, शाळेतल्या बाईंचे निरोप, कोणत्या आवाजाने तो बिथरतो याच्या नोंदी असायच्या. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'आरसा पेशी. फुटलेला आरसा.' आणि पुढे तारीख घातली.

पुढचं सगळं त्या ओळीबद्दल आहे. ती कल्पना कुठून आली, कशी फुगली आणि मी चकली खात ती सांगत होतो तेव्हा तिची काय अवस्था झालेली होती, याबद्दल.

सुरुवात मेंदूपासून नाही, बघ्यांपासून करावी लागते. आमच्या भागात कुस्तीच्या मैदानात कधी गेलात तर थोडा वेळ आखाड्याकडे पाठ करा आणि बघ्यांकडे बघा. धोबीपछाड मारायला पैलवान वळला की कडेला बसलेल्या म्हाताऱ्याचा खांदाही वळतो. त्याला ते माहीतही नसतं. ॲडम स्मिथने हे १७५९ साली लिहून ठेवलंय. हो, तोच अर्थशास्त्रवाला. नैतिक भावनांवरच्या त्याच्या पुस्तकात डोंबाऱ्यासारख्या दोरावरच्या नाचणाऱ्याचं वर्णन आहे. तो तोल सावरायला जसा वाकतो तशी खालची गर्दीही वाकते, असं त्याचं निरीक्षण. कुणाच्या पायावर काठी पडणार असं दिसलं की आपण आपलाच पाय मागे घेतो, हेही त्याच पुस्तकात आहे.

पुढच्या शतकात यामागची यंत्रणा शोधायला लोक लागले. फ्रान्समध्ये शेवरल या रसायनशास्त्रज्ञाने हातात धरलेला लंबक 'आपोआप' का हलतो, याचा छडा १८३३ साली लावला. डोळ्यांवर पट्टी बांधली की लंबक थांबत होता. म्हणजे हलवणारा आपलाच हात, आपल्याला पत्ता नाही एवढंच. १८५२ साली लंडनमध्ये विल्यम कार्पेंटरने मांडलं की नुसती कल्पनाही स्नायू हलवू शकते, माणसाच्या इच्छेशिवाय. आपल्याकडच्या पाणाड्याच्या हातातली काडी जमिनीतलं पाणी ओळखून वळते की पाणाड्याचा हात, याचं उत्तर तिथे आहे. (पाणाडे खोटं बोलत असतात असं नाही. तेच तर गमतीचं आहे, त्यांनाही खरंच कळत नाही.)

मला या जुन्या साहित्यात सर्वात आवडतो तो एक फोटो. पहिल्या महायुद्धाच्या काळात वोल्फगांग क्योलर हा जर्मन मानसशास्त्रज्ञ तेनेरिफ बेटावर चिंपांझींचा अभ्यास करत होता. ग्रांदे नावाची चिंपांझी डुगडुगत्या खोक्यांच्या उतरंडीवर उभी राहून उंचावर टांगलेल्या केळ्याकडे हात ताणतेय. खाली बसून बघणाऱ्या सुलतानचाही हात नकळत वर उचललेला आहे. त्याला केळं मिळणार नाहीये, तो नुसता बघतोय. कुस्तीच्या कडेचा म्हातारा आणि सुलतान यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

मेंदूच्या आत हे पहिल्यांदा दिसलं १९५४ साली, मार्सेमध्ये, आणि तेही सिनेमामुळे. आंरी गास्तो हा डॉक्टर डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लाटा नोंदवायचा. हालचालीशी संबंधित भागावर, माणूस शांत बसलेला असताना, कमानींच्या रांगेसारखी दिसणारी एक लाट त्याला सापडलेली होती. माणसाने हात हलवला की ती लाट नाहीशी व्हायची. गास्तो आणि त्याचा सहकारी बेर यांनी लोकांना खुर्चीत बसवून फिल्म दाखवली. पडद्यावर मुष्टियुद्ध सुरू झालं आणि बघणारा त्यात गुंतला, की खुर्चीत स्वस्थ बसलेल्या त्या माणसाची लाट मोडायची. हात मांडीवर, पण मेंदूचा हालचालीचा भाग मात्र कामाला लागलेला. या लाटेला आता 'म्यू' म्हणतात. नाव लक्षात ठेवा, ती पुढे घोळ घालणार आहे.

आता पार्मा. उत्तर इटलीतलं, चीज आणि हॅमसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथल्या विद्यापीठात जाकोमो रित्सोलात्ती यांची प्रयोगशाळा होती. प्राणी होते मकॅक माकडं. माथेरानला तुमच्या हातातलं चिप्सचं पाकीट पळवतात ती याच कुळातली. प्रश्न साधा होता, पण अवघड: डोळ्यांना वस्तू दिसते, तिच्या आकाराप्रमाणे हात बरोब्बर तयार होतो, हे मेंदू कसं करतो?

त्यासाठी ते माकडाच्या मेंदूच्या पुढच्या बाजूच्या एका तुकड्यात, ज्याला एफ५ म्हणतात, केसाहून बारीक इलेक्ट्रोड घालून एकेका पेशीचं बोलणं ऐकत. ऐकत हा शब्द मी शब्दशः वापरतोय. पेशीतून विजेचा झटका गेला की तो वाढवून स्पीकरला दिलेला असतो, आणि खोलीत तडतड ऐकू येते. एफ५मधल्या पेशींना स्नायूंपेक्षा पकडीत रस होता. काही पेशी दोन बोटांनी लहान वस्तू उचलताना तडतडत, काही पूर्ण हाताने धरताना. हे वाचताना मला पटकन स्वयंपाकघर आठवलं. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. आपण धान्य मोजायलासुद्धा हाताच्या पकडीच वापरल्या. एफ५मध्ये 'चिमटी'च्या पेशी आहेत आणि 'मुठी'च्या आहेत, असं मराठीत सरळ सांगता येतं.

मग ती प्रसिद्ध गोष्ट. एक संशोधक आइस्क्रीम खात आत आला आणि माकडाची पेशी तडतडली, असं लोक रंगवून सांगतात. मीही सेमिनारमध्ये तशीच सांगितली होती. छापील शोधनिबंधात आइस्क्रीम नाही. तिथे आहे ते असं: प्रयोगाच्या मध्ये संशोधक माकडासमोर खाऊचा तुकडा ठेवत, उचलत, आणि त्या वेळी, माकडाचा हात जागचा हललेला नसताना, काही पेशी बोलत. ज्या पेशी माकडाने स्वतः तुकडा उचलल्यावर बोलायच्या, त्याच.

प्रोग्रामर म्हणून माझी पहिली प्रतिक्रिया असती, 'बग आहे'. त्यांचीही जवळपास तीच होती. माकडाने चोरून हात हलवला का? खाऊ मिळणार म्हणून पेशी खूश झाली का? एकेक शक्यता त्यांनी तपासून बाजूला केली. नुसता खाऊ दाखवला, बहुतेक पेशी गप्प. खाऊ नसताना हवेत उचलण्याचा अभिनय केला, गप्प. हातात पक्कड घेऊन तिने तुकडा उचलला, तर प्रतिसाद नाही किंवा अगदी क्षीण. हाताने खरी वस्तू खरोखर उचलली, की तडतड.

१९९२ साली दी पेलेग्रिनो, फादीगा, फोगास्सी, गाल्लेसे आणि रित्सोलात्ती यांचा जेमतेम पाच पानांचा निबंध आला. त्यांनी तो आधी 'नेचर'कडे पाठवला होता. सर्वसाधारण वाचकाला यात रस वाटणार नाही, म्हणून तो परत आला, असं रित्सोलात्ती यांनीच नंतर सांगितलं आहे. 'आरसा' हे नावही त्या निबंधात नाही. ते १९९६मध्ये आलं. त्या वर्षीच्या मोठ्या अभ्यासात दोन माकडांच्या मिळून ५३२ पेशी तपासल्या, त्यातल्या ९२ आरसा पेशी निघाल्या. सहातली एक, साधारण. हा आकडा मी मुद्दाम देतोय, कारण पुढे लोक असं बोलायला लागले की जणू मेंदूत आरशांशिवाय दुसरं काही नाही.

पुढच्या दहा वर्षांतले पार्माचे प्रयोग वाचताना मी पार रमून गेलो, खोटं कशाला बोलू. २००१मध्ये त्यांनी वस्तूपुढे पडदा धरला. माकडाने आधी वस्तू ठेवताना पाहिली होती, आता हात पडद्यामागे जाताना फक्त दिसला. सुमारे निम्म्या पेशी तरीही बोलल्या. पडद्यामागे काही नाही हे माकडाला माहीत असलं, की तोच हात तसाच गेला तरी गप्प. २००२मध्ये शेंग फोडल्याचा नुसता आवाज ऐकवला, आणि शेंग फोडताना बोलणाऱ्या काही पेशी बोलल्या. कागद फाडल्याचा आवाज ऐकवला, तर कागद फाडणाऱ्या. सिनेमागृहात मागच्या रांगेत कुणी वेफर्सचं पाकीट उघडलं की आपल्या बोटांना काय होतं, ते आठवा.

पण हे माकडाचं झालं. माणसाच्या डोक्यात उगीच इलेक्ट्रोड घालता येत नाही. फादीगा यांनी १९९५मध्ये एक वळसा काढला. डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन हालचालीच्या भागाला टिचकी मारायची, की हाताचे स्नायू किंचित उडतात. किती उडतात ते मोजायचं. समोरचा माणूस वस्तू उचलताना बघत असताना टिचकी मारली तर स्नायू जास्त उडत होते, आणि ते स्नायू तेच, जे स्वतः उचलताना वापरले जातात. म्हणजे बघताना हात आतल्या आत 'तयारीत' येतो. गास्तोने खुर्चीत जे पाहिलं होतं, ते आता एकेका स्नायूपर्यंत मोजलं गेलं.

यानंतर आले स्कॅनर. आणि इथून माझी कुरकुर सुरू होते. एफ-एमआरआय एकेक पेशी दाखवत नाही. त्यातला एक ठिपका म्हणजे लाखो पेशींचा मिळून रक्तपुरवठा. पार्माची पद्धत म्हणजे एका फ्लॅटच्या दाराला कान लावणं, आणि स्कॅनर म्हणजे पूर्ण सोसायटीचा विजेचा मीटर वाचणं. रविवारी मॅच असताना मीटर पळाला आणि सोमवारी सगळ्यांनी गिझर लावल्यावरही पळाला, म्हणून टीव्ही आणि गिझर एकच यंत्र ठरत नाही. करताना आणि बघताना एकच भाग 'उजळला' म्हणून त्याच पेशी दोन्ही कामं करतात, असं सिद्ध होत नाही. पण वर्तमानपत्रांत तसं छापून येऊ लागलं. २००६च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मन वाचणाऱ्या पेशी अशा अर्थाचा मथळा दिला.

त्याआधीच, २००० साली, विलयनूर रामचंद्रन यांनी भाकीत केलं होतं की डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केलं ते या पेशी मानसशास्त्रासाठी करतील. रामचंद्रन मूळचे तमिळनाडूचे, कॅलिफोर्नियात संशोधन करणारे, आणि अफाट वक्ते. तुटलेल्या हाताच्या वेदनेवर त्यांनी साध्या आरशाच्या खोक्याचा उपाय काढला, तो त्यांचा खरा मोठा शोध. (तो आरसा काचेचा. या आरशाशी त्याचा संबंध नाही. मी सेमिनारमध्ये दोन्ही एकत्र कालवले होते.) २००९मध्ये म्हैसूरला दिलेल्या भाषणात त्यांनी आरसा पेशींना गमतीने 'गांधी न्यूरॉन' म्हटलं. तुमच्या-माझ्यामधली सीमा त्या पुसतात, म्हणून. मी दोन वेळा पाहिलेला व्हिडिओ तो. आजही पाहिला तरी अंगावर काटा येतो. अडचण तीच आहे.

एव्हाना भाषा, सहानुभूती, अनुकरण, संस्कृती, सगळ्याचं उत्तर आरसा पेशी झालं होतं. एक साधा प्रश्न फार थोडे लोक विचारत होते. मकॅक माकडांकडे या पेशी आहेत, मग त्यांच्याकडे भाषा का नाही? आणि अनुकरण? 'माकडासारखी नक्कल' असं आपण म्हणतो खरं, पण पाहून नवीन कृती शिकण्यात मकॅक अगदीच बेताचे असतात. ज्या प्राण्यात पेशी सापडल्या त्याच्याकडेच तो गुण नाही.

हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत ग्रेगरी हिकॉक हे भाषेवर काम करणारे संशोधक पुढे होते. २००९मध्ये त्यांनी या सिद्धान्तातल्या आठ अडचणी मांडल्या, २०१४मध्ये पुस्तकच लिहिलं. त्यांचा गाभ्याचा मुद्दा असा: कृती समजायला ती आतल्या आत करून पाहावी लागत असेल, तर करण्याची यंत्रणा बिघडली की समजही बिघडायला हवी. पण पक्षाघाताने बोलणं गेलेल्या अनेकांना दुसऱ्याचं बोलणं समजतं. जन्मतः चेहऱ्याचे स्नायू न हलणाऱ्या माणसांनाही दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू ओळखता येतं. खुद्द पार्माच्या मंडळींनी २००४मध्ये लोकांना माणूस, माकड आणि कुत्रा यांच्या तोंडाच्या हालचाली दाखवल्या होत्या. तिघांचं चावणं पाहताना हालचालीचा भाग जागा झाला, पण कुत्र्याचं भुंकणं पाहताना नाही. आता कुत्रा भुंकतोय हे आपल्याला कळत नाही का? रात्री दोन वाजता तर फारच नीट कळतं.

मग या पेशी आल्या कुठून? या प्रश्नावरचं काम मला सगळ्यात पटतं, कदाचित माझ्या धंद्यामुळे. सीसिलिया हेस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ म्हणतात की या पेशी इतरांना समजून घेण्यासाठी उत्क्रांतीने खास घडवलेल्या नाहीत, त्या शिकून तयार होतात. बाळ मूठ वळतं आणि त्याच क्षणी वळलेली मूठ पाहतं. करणं आणि दिसणं हजारदा एकत्र घडतं, त्यांची गाठ बसते. मोठी माणसं बाळाची नक्कल करतात, आपण आरशात पाहतो, कवायतीत सगळे एकदम हात वर करतात. गाठी घट्ट होत जातात. आमच्या भाषेत सांगायचं तर हे हार्डकोड केलेलं नाही, कॉन्फिगरेशन आहे.

कॉन्फिगरेशन असेल तर बदलता यायला हवं. २००७मध्ये कॅटमर, वॉल्श आणि हेस यांनी बदलून दाखवलं. पडद्यावर तर्जनी हलली की तुम्ही करंगळी हलवायची, करंगळी हलली की तर्जनी. असा उलटा सराव करून घेतला आणि मग फादीगांची चुंबकीय टिचकी मारली. आता तर्जनी नुसती बघताना करंगळीचा स्नायू जास्त उडत होता. आरसा उलटा झाला! थोड्याशा सरावात. हे वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो आणि शेजारच्या काकांना सांगावंसं वाटलं होतं.

लंडनमधला नर्तकांवरचा प्रयोगही याच्याशी जुळतो. २००५मध्ये बॅले नर्तक आणि कापोएरा खेळणारे, दोघांना दोन्हींचे व्हिडिओ दाखवले. ज्याला जे येतं ते पाहताना त्याचा हालचालीचा भाग जास्त जागा झाला. पण नुसती सवय असेल, पाहून पाहून? म्हणून पुढच्या वर्षी फक्त बॅलेतले स्त्री-पुरुष घेतले. ते रोज एकत्र सराव करतात, एकमेकांच्या हालचाली कोळून प्यायलेले असतात, पण काही हालचाली फक्त बायका करतात, काही फक्त पुरुष. तरीही स्वतः केलेल्याच हालचालींना प्रतिसाद जास्त. २००८मध्ये इटलीत बास्केटबॉलवर असाच प्रयोग झाला. फेकलेला चेंडू जाळ्यात जाणार की नाही, हे खेळाडूंनी चेंडू हातातून सुटण्याआधीच, फेकणाऱ्याच्या शरीरावरून ओळखलं. प्रशिक्षक आणि क्रीडापत्रकार, ज्यांनी तितक्याच मॅचेस पाहिल्या असतील, ते मागे पडले. घरी टीव्हीसमोर बसून 'अरे, हा चेंडू सोडायला हवा होता' म्हणणाऱ्या माझ्या बाबांना मी हा प्रयोग अजून सांगितलेला नाही.

आणि बघताना आपण खरंच उठून हात का मारत नाही? त्याचंही थोडं उत्तर मिळालं. २०१०मध्ये लॉस एंजेलिसमध्ये २१ अपस्मार रुग्णांच्या मेंदूत, उपचारासाठी आधीच घातलेल्या इलेक्ट्रोडमधून, ११७७ पेशी ऐकता आल्या. माणसातल्या आरसा पेशींचा हा पहिला थेट पुरावा. (पार्माच्या जागेत नाही, कारण इलेक्ट्रोड डॉक्टरांना हवे तिथे होते.) त्यात काही पेशी करताना बोलणाऱ्या आणि बघताना उलट नेहमीपेक्षा गप्प होणाऱ्या होत्या. म्हणजे गाडी सुरू आहे, पण कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवलाय. कुस्तीच्या कडेच्या म्हाताऱ्याचा ब्रेक जरा सैल असावा.

आता वहीतली ओळ.

'फुटलेल्या आरशा'चा सिद्धान्त रामचंद्रन आणि लिंडसे ओबरमन यांनी २००६च्या शेवटी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मोठा लेख लिहून घरोघरी पोचवला. त्याच्या मुळाशी २००५चा एक अभ्यास होता, १० ऑटिस्टिक व्यक्तींचा. त्यांनी स्वतः हात हलवला की म्यू लाट मोडायची, दुसऱ्याचा हात पाहताना मोडायची नाही. तीच गास्तोची लाट. दहा माणसं आणि एक लाट, त्यावरून एवढा मोठा आरसा.

मग इतरांनी तपासलं. २०१०मध्ये तैवानमधल्या गटाला ऑटिस्टिक व्यक्तींत लाट व्यवस्थित मोडताना दिसली. त्यांनी निबंधाच्या नावातच आरसा न फुटल्याचं लिहिलं. त्याच वर्षी इलान डिनस्टीन आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांना स्कॅनरमध्ये हाताच्या हालचाली करायला आणि पाहायला लावल्या. हालचालीच्या भागाचा प्रतिसाद इतरांसारखाच. २०१३मध्ये अँटोनिया हॅमिल्टन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडून पाहिले: यंत्रणा सरसकट बिघडलेली असल्याला फारसा आधार नाही. आणि २०१६मध्ये, हो त्याच वर्षी, ऑक्सफर्डच्या हॉब्सन आणि बिशप यांनी दाखवलं की म्यू लाट आरसा पेशींचं माप म्हणून मुळातच डळमळीत आहे. नुसतं लक्ष इकडेतिकडे झालं तरी तिच्या शेजारची दुसरी लाट बदलते आणि दोन्हींची सरमिसळ होते.

त्याच्याही आधी, २०१२मध्ये, डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने वेगळीच बाजू मांडली होती. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत म्हणता, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणूस कुठे कळतो? न कळणं दोन्हीकडून आहे, दोष मात्र एकाच्याच नावावर लागतो.

सांगायचा मुद्दा, मी चकली खात बोलत होतो तेव्हा हे जवळपास सगळं छापून झालेलं होतं. कुणी लपवलेलं नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या मुलाला लायब्ररी लावताना आम्ही सांगतो की आधी तिचे इश्यू वाच, कुणी काय तक्रारी केल्यात ते बघ. मी माझ्या मावशीच्या घरात एक कल्पना लावली आणि तक्रारी वाचल्या नाहीत.

आरसा पेशी खोट्या ठरलेल्या नाहीत, हे मात्र नीट सांगायला हवं. माकडाची पेशी तडतडली होती, फादीगांचे स्नायू उडाले होते, करंगळीचा आरसा उलटला होता. हेस आणि कॅटमर यांनी अलीकडेच या विषयाचा आढावा घेतला. त्यांच्या मते या पेशी दुसऱ्याची हालचाल नेमकी कोणती आहे, पकड कोणती, हे ओळखायला हातभार लावत असाव्यात. त्यामागचा हेतू, मनातलं दुःख वगैरे वाचण्याचं काम त्यांचं आहे असं दिसत नाही. चिमूट आणि मूठ यांतला फरक. तेवढं.

हिकॉक यांचं पुस्तक मी नोकरीला लागल्यावर वाचलं, तेही भलत्याच कारणाने. ऑफिसात कुणीतरी 'टीम एम्पथी'च्या वर्कशॉपमध्ये आरसा पेशींची स्लाइड दाखवली आणि मला सवयीप्रमाणे 'अजून चांगला संदर्भ' द्यायचा होता. वाचत गेलो तसा ती वही आठवत गेली. तरी मावशीला सांगायला मला दोन वर्षं लागली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि समोर गेलो की राहून जायचं.

गेल्या दिवाळीत सांगितलं. भाऊ आता एकोणीस वर्षांचा आहे. मावशीचा खांदा दुखतो म्हणून तोच सोऱ्या दाबत होता, चकल्या एकसारख्या, एका मापाच्या, तीन वेढ्यांच्या. चौथा वेढा पडला की ती मोडून परत सोऱ्यात. मी ओट्याला टेकलो नाही, पाटावर बसलो, आणि जमेल तसं सगळं सांगितलं. लाट, दहा माणसं, तैवान, सगळं. मावशी ऐकत होती. तिने वही काढली नाही.

"म्हणजे फुटलेला नव्हता," ती म्हणाली.

"नाही. तसा काही आरसाच नाही, मावशी. मी चुकलो होतो."

ती बराच वेळ झारा तेलात तसाच धरून बसली. मग भावाकडे एकदा बघून आवाज खाली आणत म्हणाली, "तुझे काका गेले त्या वर्षी मी रोज रडायचे. सगळ्यांपासून लपून. पण ह्याच्यासमोर नाही लपवलं कधी. म्हटलं, ह्याला काय कळतंय."

मी काही बोललो नाही.

"कळत होतं का रे त्याला?"

भावाने सोऱ्या खाली ठेवला, कढईतली चकली करपत होती ती झाऱ्याने बाहेर काढली आणि गॅस बारीक केला.